तेल प्यालेली सायकल

मोरी म्हणजे शार्क. तिचं यकृत उकळून जे तेल काढतात, ते आमच्या किनाऱ्यावर होड्यांच्या फळ्यांना चोपडतात. ताजं असतं तेव्हा ते पिवळं आणि पातळ असतं, वर्षभर राहिलं की काकवीसारखं होतं आणि त्याला जो वास सुटतो त्याला मी आजवर शब्द शोधते आहे. सडलेली मासळी म्हणावं तर ती दोन दिवसांत जाते. हा वास जात नाही. तो भिंतीत शिरतो, उशीत शिरतो, पेजेच्या वाफेत येतो. एखाद्याने आजारी माणसाचा श्वास बाटलीत भरून ठेवावा तसा तो वास आहे.

आमच्या घरी या तेलाचा मोठा बुधला होता. वडील, भिकाजी, फत्तेमारीवर होते. कौलं आणि मीठ घेऊन त्यांचं शिडाचं गलबत पार वेरावळपर्यंत जाई. ते चौऱ्याहत्तर साली वारले, गलबत त्याआधीच विकलं गेलं, पण बुधला राहिला. आईने, म्हणजे माईने, तो कधी रिकामा होऊ दिला नाही. मृग लागायच्या आधी घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला तेल लागलं पाहिजे हा तिचा नेम. कोयती, पहार, विहिरीचा रहाट, ट्रंकेची कडी, खिडकीचे गज. खारा वारा लोखंड खातो आणि तेल खाल्लेलं लोखंड वाऱ्याला कडू लागतं, असं ती म्हणायची.

मी शहात्तर सालापासून पिंगुळीजवळच्या शाळेत शिकवत होते आणि तिथेच खोली घेऊन राहत होते. तिकडे समुद्र नाही. दोन वर्षांत माझं नाक सुधारलं आणि तेच वाईट झालं. सुट्टीला घरी गेलं की पहिले दोन दिवस मला जेवण जात नसे. मी पदर नाकाला लावून घरात वावरायची. माई म्हणायची, "मास्तरीण झालंस म्हणान नाक वर गेला काय गो?"

माझा भाऊ गुरुदास माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. बंदरावर गंगारामची शेड होती, तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त होत. गुरुदास तिथे कामाला होता. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत डिझेल आणि मोरीचं तेल. त्याच्या नखांच्या कडा काळ्या आणि अंगाला तो वास. तो त्याला येत नव्हता, गंगारामला येत नव्हता, माईला तर नाहीच. गावात कोणालाच येत नव्हता. खाऱ्या वाऱ्यासारखाच तोही त्यांचा झाला होता.

पंच्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये मी त्याच्यासाठी एक स्थळ काढलं. माझ्या शाळेतल्या बाईंची मामेबहीण, कुडाळची. गुरुदास नवा शर्ट घालून आला, केसांना खोबरेल लावून. पोहे घेऊन मुलगी बाहेर आली, बशी पुढे करायला वाकली आणि तशीच थांबली. मग तिने पदराचं टोक हळूच नाकाशी नेलं. फार नाही, दोन बोटं. सगळ्यांनी पाहिलं. गुरुदासनेही पाहिलं. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत होता आणि कणकवली गेल्यावर त्याने मला विचारलं, "ताई, तुयय घराकडे तसाच करतंस मां?" मला त्या मुलीचा राग यायला हवा होता. मला माझीच शिसारी आली.

सायकलचं खूळ त्यानंतरचं. आदल्या वर्षीच्या जत्रेत घाटावरचा एक सायकलवाला आला होता. तीन दिवस तीन रात्री सायकलवरून न उतरता त्याने देवळासमोर फेऱ्या मारल्या, तिथेच दाढी केली, तिथेच जेवला, आणि शेवटी चार माणसं आडवी झोपवून त्यांच्यावरून सायकल उडवली. तेव्हा दाजी सगळ्यांदेखत म्हणाले होते की हे घाटावरच्यांनी करावं, आमच्या पोरांना फक्त मासे खाता येतात. दाजी म्हणजे ग्रामदेवीच्या मानकऱ्यांतले पहिले. हापूसच्या दोन बागा, तोंडात कायम पान, आणि बोलताना समोरच्याच्या अंगावर लाल शिंतोडे. ते पुसायचे नसतात असा गावचा रिवाज होता. मी पुसायची.

गुरुदासने ठरवलं की पुढच्या जत्रेत देवळामागचा व्हाळ सायकलवरून उडी मारून पार करायचा. व्हाळ म्हणजे ओढा. मार्गशीर्षात त्यात पाणी घोट्याएवढं असतं, पण तळ नुसता काळ्या खडकाचा आणि खोली दीड पुरुष. इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत अकरा हात. कोणी असं केलेलं नव्हतं. त्याला गावाने काहीतरी वेगळं म्हणून ओळखायला हवं होतं. तो तसं म्हणाला नाही, पण मला कळत होतं.

अशी उडी साध्या सायकलने होत नाही. चुलतभाऊ महादू बोटीवर होता, त्याने कुठल्यातरी परदेशी बंदरातून मासिकाचं एक पान आणलं होतं. त्यावर मातीच्या उंचवट्यावरून हवेत गेलेला एक गोरा मुलगा, आणि त्याच्या खाली बुटकी, आखूड, मडगार्ड नसलेली सायकल. तशी सायकल आपल्याकडे कुठे मिळते ते कोणाला माहीत नव्हतं. गुरुदास म्हणाला, मिळत नाही तर करायची.

त्या सायकलच्या प्रत्येक भागाचं गाव मला अजून पाठ आहे. फ्रेम देवगडच्या एका निवृत्त पोस्टमनची, जाड नळीची, जुन्या घडणीची. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, मालवणच्या बर्फवाल्याच्या मालवाहू सायकलचा, कारण तो दोन मण बर्फ पेलायचा. चाकं वीस इंची, हातांनी चालवायच्या एका तीनचाकीची, तिचा कुडाळचा मालक मेला होता. ती धुऊन घे असं मी दोनदा सांगितलं. आरे त्याने सगळे काढून जाड घातले आणि गुडघ्यावर चाक धरून, नखाने एकेका आऱ्याला टिचकी मारून, सगळ्यांचा आवाज सारखा येईपर्यंत कसत बसला. फ्रीव्हील एसटीच्या ड्रायव्हरने कोल्हापूरहून आणून दिलं. हँडल त्याने पाण्याच्या नळाचं केलं. नळात वाळू ठासून दोन्ही टोकं बंद केली, मग भट्टीवर तापवून वाकवलं. वाळू असली की नळ वाकतो पण चेपत नाही. चाकांच्या आसात घालायचे पोलादी छर्रे मी कुडाळहून आणले, कागदाच्या पुडीत. त्याने ते तळहातावर ओतले आणि उन्हात धरले. एवढं सुंदर काही मी त्याच्या हातात त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. सगळ्यांत आधी फ्रेम आली, मे महिन्यात, आणि ती पडवीत खुंटीला टांगलेली होती. मी सुट्टी संपवून निघायच्या आदल्या दिवशी माईने बुधला काढला. ती म्हणाली, गुरूची ती फ्रेमही तेवढी कर. फडक्याने आतून बाहेरून पूस, पावसाळा तोंडावर आहे.

मी फडकं बुधल्यात बुडवलं. वास अंगावर आला. फडकं काठीला गुंडाळून नळीच्या आत फिरवायचं, पिळायचं, पुन्हा बुडवायचं, या सगळ्याची मला इतकी किळस आली की मी तांब्याच घेतला. तांब्याभर तेल सीटच्या भोकातून आत ओतलं, फ्रेम हलवली, बाहेरून हात फिरवला आणि मोकळी झाले. माईला सांगितलं, झालं. मग विहिरीवर जाऊन राख लावून हात धुतले, तरी रात्री भाताला वास येत होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी आले तेव्हा गुरुदास फ्रेम आखूड करत होता. वरचा आणि खालचा असे दोन्ही नळ मधून कापायचे, चार बोटं तुकडा काढायचा, आत दुसरी बारीक नळी सरकवायची आणि पितळेची झाळ देऊन जोडायचं. गंगारामचं गॅसचं सामान त्याने अंगणात आणलं होतं. कापताना नळातून तेल गळलं असणार. त्याने ते फडक्याने पुसलं असणार. त्याला त्यात वेगळं काय वाटणार, त्याच्या हाताला लागणाऱ्या प्रत्येक लोखंडातून तेच तेल गळायचं.

ज्योत लागली आणि घरभर जो धूर आला तो मी जन्मात विसरणार नाही. जळलेलं मोरीचं तेल. मी ओटीवरून त्याला विचारलं, एवढा वास कसला येतोय. तो हसला, त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "माका कसलोच वास येणा नाय. तुझा नाक कुडाळचा." मी खिडकी लावली, दार लावलं आणि आतल्या खोलीत उदबत्ती पेटवून बसले. तांब्याभर तेल मीच ओतलंय, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर फडकं का नाही वापरलंस हे माईने विचारलं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प बसले. झाळेचं आणि तेलाचं वाकडं असतं हेही मला ठाऊक नव्हतं.

पुढचा महिनाभर तो सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, उड्या मारत होता. आधी हातभर, मग तीन हात, मग सात. माई म्हणायची की गुडघे फोडून येतो पण गात येतो.

जत्रेच्या सकाळी मी पोचले. सायकल ओटीवर उभी होती, निळ्या रंगाची, होडीचाच उरलेला रंग. गुरुदास आंघोळीला गेला होता. मी कौतुकाने तिच्या वरच्या नळावर हात ठेवला आणि बोटाला चिकट लागलं. जोडाच्या कडेला, रंगाला केसाएवढी चीर गेली होती आणि तिथे एक थेंब जमला होता. तपकिरी. मी बोट पुसलं. थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा थेंब. मी बोट नाकाशी नेलं आणि मला ओकारी आली.

मी तशीच बंदरावर गंगारामकडे गेले. त्याला विचारलं की नळात तेल असताना झाळ दिली तर काय होतं. तो इंजिनवर वाकलेला होता, वर न बघता म्हणाला, "तेलार झाळ धरणा नाय. वरसून दिसता बरी, आत सगळी जाळी." मग त्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. कोणाची झाळ विचारतेस हे त्याला कळलं होतं. मी म्हटलं की माझ्याबरोबर चल आणि गुरुदासला सांग. तो हात पुसत राहिला. त्याचं म्हणणं असं की आता सकाळी कौल झालाय, मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलंय, मध्ये बोलून तो आपल्या शेडवर अपशकून घेणार नाही. आणि कदाचित टिकेलही. कदाचित, असं तो दोनदा म्हणाला, आणि पुन्हा इंजिनवर वाकला.

कौल म्हणजे आमच्याकडे देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार. गुरुदासच्या नावाने कौल लावला होता आणि उजवी पडली होती. गावासमोर त्याचं नाव घेऊन गाऱ्हाणं, म्हणजे देवीला साकडं, घालून झालं होतं. आता तो मागे फिरला असता तर देवीचा शब्द मोडला असता, आणि पुढच्या वर्षी आंबा गळला, होडी बुडाली, ताप आला, की आमच्या घराकडे बोट.

मी घरी आले आणि गुरुदासला थेंब दाखवला. तो ओल्या केसांनी उभा होता. त्याने बोटाने पुसला आणि म्हणाला की सायकल घामेजली आहे. वीस उड्या झाल्यात, एकही आवाज आला नाही. मी गंगाराम काय म्हणाला ते सांगितलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग घट्ट झाला. "ताई, आज मागे सरलंय तर आयुष्यभर ह्याच शेडीत कुजान मरतलंय." तेल कुणी ओतलं ते मी तेव्हाही सांगितलं नाही.

मग मी दाजींकडे गेले. ते देवळाच्या पायरीवर बसले होते, पायाशी पिकदाणी, आसपास चार माणसं. मी शाळेत बोलते तशी शुद्ध भाषेत बोलले, म्हणजे ऐकतील असं मला वाटलं. सायकलचा जोड कच्चा आहे, उडी झाली तर फ्रेम हवेतच दुमडेल, खाली खडक आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"मास्तरीणबाय, देवीन उजवो कौल दिल्यान. आता तुमचा विज्ञान देवीक शिकयतालास काय?"

चारही माणसं हसली. एक शिंतोडा माझ्या मनगटावर पडला. त्या हसणाऱ्यांनी व्हाळाच्या काठावर सकाळीच चांगली जागा धरून ठेवली होती. कोणाला गुरुदास मरावा असं वाटत नव्हतं. पण मेला तर आपण जवळून पाहावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं आणि मोरीच्या तेलाहून ते घाण होतं.

दुपारी तीन वाजता सायकल देवळासमोर आणली. हँडलला जास्वंदीचा हार, चाकांना हळदकुंकू. गुरुदास पांढऱ्या शर्टात, हात जोडून. निघण्याआधी नारळ वाढवायचा होता, त्यासाठी दीपमाळेखाली काळा दगड असतो, दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा. भटजी नारळाची शेंडी सोलत होते.

मी गर्दीतून पुढे गेले. सायकल आडवी केली. लोकांना वाटलं मी ओवाळणार. मी तो दगड उचलला आणि वरच्या जोडावर टाकला.

एकच. जोरही फार नव्हता, मी काही पैलवान नव्हते. जोड शिजलेल्या तिसऱ्याच्या शिंपीसारखा उघडला. आतून तेल आलं, सहा महिने कोंडलेलं, एकदा जळलेलं, काळं. ते हारावर आलं, कुंकवावर आलं, माझ्या हातांवर मनगटापर्यंत आलं. आणि तो वास असा उठला की ज्या गावाच्या नाकाला काही कळत नव्हतं त्या गावाने नाकं धरली. बायकांनी पदर लावले. एक म्हातारी बाजूला जाऊन खरंच ओकली. कोणीतरी मागून म्हणालं, "मोरी फुटली रे." आणि सगळे हसले.

गंगाराम आता पुढे आला. त्याने तुटलेली टोकं उचलून उन्हात धरली. पितळ दुधावरच्या सायीसारखं वरवर बसलं होतं, आत नळाचं तोंड काळं आणि ओलं. तो मोठ्याने म्हणाला की हे तिसऱ्या उडीला जायला हवं होतं, इतके दिवस टिकलं कसं. सकाळी हेच तोंड 'कदाचित टिकेल' म्हणत होतं.

दाजी उठले. मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी देवळाकडे वळून दोन्ही हात वर केले. "देवीन राखल्यान. म्हणान तर उजवो कौल दिल्यान. तिका ठावक होता." आणि सगळ्या गर्दीने नाकावरचे हात काढून जोडले.

आजही ती गोष्ट तशीच सांगतात. गेल्या जत्रेत दाजींचा नातू माइकवर सांगत होता: देवीच्या अंगणात येताच सायकल आपोआप दुभंगली आणि तिच्या आतलं विष बाहेर आलं. दगड नाही, मी नाही. व्हाळाचं नाव आता देवीचा व्हाळ. ऐकणाऱ्यांत गुरुदासही होता, पासष्टीचा. त्याचं देवगडात सायकलचं दुकान आहे, लग्न झालं, नातवंडं आहेत, त्याला आज कोणी तेलाच्या वासावरून हिणवत नाही. सगळ्यांनी हात जोडले तेव्हा त्यानेही जोडले. मी माझ्या हातातली पिशवी सोडली नाही.

पण त्या दिवशी तो देवळासमोर फक्त उभा होता. त्याला वास येत नव्हता. त्याला फक्त दिसत होतं: शे-दोनशे माणसं, प्रत्येकाचा हात नाकाशी, आणि सगळ्यांची नजर त्याच्याकडे. कुडाळच्या त्या मुलीची दोन बोटं, दोनशे वेळा. तो सायकल न उचलता घरी गेला.

मी उशिरा पोचले. विहिरीवर राखेने हात घासले, मग लिंबाने, मग पुन्हा राखेने. तो मागून आला आणि हाताच्या अंतरावर थांबला.

"तेल कोणी घातल्यान?"

"मिया," मी म्हटलं.

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने पोहरा विहिरीत सोडला, पाणी काढलं आणि माझ्या हातांवर ओतलं. तीन पोहरे. पुढे चार वर्षं तो माझ्याशी असाच, पाणी दिल्यासारखा, कामापुरता बोलला.

माई ओटीवर बसून बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"फडक्यान पूस म्हटलेलंय," ती म्हणाली, आणि आत जाऊन बुधल्याचं बूच घट्ट केलं.